इराक युद्धाला २००३ साली नेमका किती पाठिंबा होता, आणि तो नंतर गेला कुठे?

कृष्णाकाठ

नमस्कार. आमच्या गावच्या वाचनालयात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही दहाबारा जण एखादा विषय घेऊन बसतो. या खेपेस इराक युद्धाबद्दलचे ब्रिटन आणि अमेरिकेतील लोकमत हा विषय माझ्या वाट्याला आला आहे. वाचन करताना एका ठिकाणी मी अडलो, म्हणून हा धागा काढत आहे.

१५ फेब्रुवारी २००३ रोजी लंडनमध्ये युद्धाविरुद्ध जो मोर्चा निघाला, त्यात पोलिसांच्या अंदाजाने साडेसात लाख आणि आयोजकांच्या म्हणण्याप्रमाणे २० लाखांपर्यंत लोक होते. त्यानंतर पाचच आठवड्यांनी युद्ध सुरू झाले आणि यूगव्ह या संस्थेने त्या वर्षभरात जी सर्वेक्षणे केली, त्यांत सरासरी ५४ टक्के ब्रिटिश नागरिकांनी युद्धाचा निर्णय योग्य असल्याचे सांगितले. इथवरही माझी तक्रार नव्हती. परंतु त्याच संस्थेने २०१५ साली लोकांना, 'तेव्हा तुमचे मत काय होते?' असे विचारले, तेव्हा आपण युद्धाच्या बाजूने होतो असे सांगणारे फक्त ३७ टक्के निघाले. मधले १७ टक्के गेले कुठे? हे लोक लाजेखातर खोटे बोलले, की त्यांना खरोखरच तसे आठवत होते?

दुसरा प्रश्न याच्याच पोटातला आहे. एवढा मोठा मोर्चा निघूनही युद्ध होणारच असेल, तर लोकमत मोजण्याचा खटाटोप कशासाठी? त्या काळात तिकडे राहणाऱ्या मंडळींनी आवर्जून लिहावे. युद्ध योग्य की अयोग्य यावर इथे पूर्वी दोनशे प्रतिसादांचा धुरळा उडालेला आहे. तो पुन्हा नको, ही विनंती.

---

आकडेमोड

मी नमुना सर्वेक्षणांच्या कामात बरीच वर्षे घालवली आहेत, त्यामुळे पहिल्या प्रश्नाच्या अर्ध्या भागाचे उत्तर देऊ शकतो.

'युद्धाला पाठिंबा' नावाची एकच वस्तू लोकांच्या मनात ठेवलेली असते आणि सर्वेक्षण करणारा ती नुसती मोजून घेतो, ही समजूत आधी सोडावी लागेल. युद्धाच्या तोंडावर मोरी या संस्थेने ब्रिटिशांना विचारले, की संयुक्त राष्ट्रांचा ठराव झाला आणि निरीक्षकांना इराककडे संहारक अस्त्रे असल्याचा पुरावा सापडला, तर तुमचा कारवाईला पाठिंबा राहील का? जवळपास तीन चतुर्थांश लोकांनी होकार दिला. पुरावाही नसेल आणि ठरावही नसेल तर, असे त्याच लोकांना विचारताच पाठिंबा एक चतुर्थांशावर आला. माणसे तीच आणि आठवडाही तोच. प्रत्यक्षात युद्ध झाले ते या दुसऱ्या परिस्थितीत, हे वेगळे सांगायला नको.

अमेरिकेतही हेच दिसते. सद्दाम हुसेन यांची राजवट संपवण्यासाठी लष्करी कारवाई करावी का, या प्यू संशोधन केंद्राच्या साध्या प्रश्नाला जानेवारी २००३ मध्ये ६८ टक्के लोकांनी होकार दिला होता. 'त्यात हजारो अमेरिकी सैनिक कामी येण्याची शक्यता असली तरीही?' एवढीच पुस्ती जोडली, तेव्हा होकार ४३ टक्क्यांवर घसरला आणि नकार ४८ टक्क्यांवर गेला. आमच्याकडे पाणीपुरवठा योजनेच्या पाहणीत अगदी हाच अनुभव येत असे. योजना हवी का, म्हटले की सगळे गाव हो म्हणते. पाणीपट्टी वाढली तरी हवी का, असे विचारले की आधी चहा येतो आणि उत्तर मागाहून येते.

आता ५४ टक्क्यांविषयी. सैन्य प्रत्यक्ष लढाईत उतरले की पाठिंबा एकदम उसळतो, ही अनेक देशांत अनेकदा दिसलेली गोष्ट आहे. ब्रिटनमध्ये फेब्रुवारीत युद्धविरोधक स्पष्टपणे जास्त होते आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात समर्थक निम्म्यांहून अधिक झाले. या पाच आठवड्यांत नवा पुरावा कोणताही पुढे आला नव्हता, फक्त प्रश्न बदलला होता. 'युद्ध करावे का?' या प्रश्नाची जागा आता 'लढणाऱ्या आपल्या पोरांच्या मागे उभे राहायचे की नाही?' या प्रश्नाने घेतली होती. म्हणून मोर्चा आणि ५४ टक्के यांत मला विसंगती दिसत नाही. शिवाय मोर्च्यातली माणसे २० लाख धरली, तरी सहा कोटींच्या देशात ती तीन टक्क्यांच्या जरा वर जातात. मोर्चा किती कळकळीचा आहे हे रस्त्यावर दिसते, पण घरात बसलेल्यांचे मत त्यावरून काढता येत नाही.

---

टेम्सकाठचा_एक

मी तेव्हा लंडनमध्ये नोकरीला होतो आणि १५ फेब्रुवारीच्या मोर्च्यात गेलो होतो. मोर्चा दोन ठिकाणांहून निघाला होता, एक एम्बँकमेंटवरून आणि दुसरा गॉवर स्ट्रीटवरून. पिकॅडिली सर्कसला दोन्ही प्रवाह एकत्र आले आणि तिथे आम्ही असे अडकलो, की तासभरात शंभर पावलेही सरकलो नसू. थंडी बोचरी होती. माझ्यापुढे एक आजीबाई घडीची खुर्ची घेऊन आल्या होत्या आणि गर्दी थांबली की त्या खुर्ची उघडून बसत. 'डेली मिरर'ने छापलेले फलक सर्वत्र होते, परंतु सर्वांत जास्त छायाचित्रे निघाली ती पंतप्रधान ब्लेअर यांच्या हातात बंदूक आणि डोक्यावर उपडा चहाचा कप असलेल्या फलकाची. त्यावर 'युद्ध नको, चहा करा' अशा अर्थाची ओळ होती. हाइड पार्कमध्ये टोनी बेन, हॅरॉल्ड पिंटर, चार्ल्स केनेडी, जेसी जॅक्सन अशांची भाषणे झाली असे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचले. मी पोहोचलो तेव्हा अंधार पडत आला होता आणि लोक शेकोट्या करून फलक जाळत होते.

जाण्यापूर्वी मनात धाकधूक होती. वर्क परमिटवर आलेल्या माणसाने परक्या देशाच्या सरकारविरुद्ध रस्त्यावर उतरावे का, या प्रश्नावर आमच्या मित्रमंडळात शुक्रवारी रात्री चांगलाच वाद झाला होता. गंमत म्हणजे राष्ट्रकुलातील देशांचे नागरिक म्हणून आम्हा भारतीयांना तिथे मतदानाचा हक्क असतो, हे आमच्यापैकी निम्म्यांना ठाऊकच नव्हते.

परंतु मला लिहायचे आहे ते आमच्या कार्यालयातील एका सहकाऱ्याविषयी, कारण कृष्णाकाठ यांच्या १७ टक्क्यांपैकी एक मी जवळून पाहिला आहे. पन्नाशीचा, ब्लेअर यांच्याच मजूर पक्षाचा जन्मजात मतदार. मोर्च्याला तो आला नाही, पण सोमवारी माझ्या टेबलाशी येऊन त्याने सगळे बारकाईने विचारले आणि ब्लेअर चुकत आहेत असे स्वच्छ सांगितले. १७ मार्चला रॉबिन कुक यांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा देऊन सभागृहात जे भाषण केले, त्याची वर्तमानपत्रातील प्रत त्याने कापून खणात ठेवली होती. १८ तारखेला संसदेने ४१२ विरुद्ध १४९ मतांनी युद्धाला मान्यता दिली. त्याच रात्री युद्धाचे समर्थन अद्याप सिद्ध झालेले नाही असे म्हणणाऱ्या दुरुस्तीच्या बाजूने मजूर पक्षाच्याच १३९ खासदारांनी मत दिले होते. त्यानंतर दोन दिवसांनी, बॉम्बवर्षाव सुरू झाल्यावर, हा गृहस्थ मला म्हणाला, की माझा भाचा कुवेतच्या सीमेवर आहे, आता मी विरोधात आहे असे कोणत्या तोंडाने म्हणू? त्या आठवड्यात त्याला कोणी फोन करून मत विचारले असते, तर तो ५४ टक्क्यांत मोजला गेला असता याबद्दल मला शंका नाही.

२०१६ च्या जुलैत ब्रिटनच्या इराक युद्धातील सहभागाची चौकशी करणाऱ्या चिलकॉट समितीचा अहवाल आला, तेव्हा आम्ही दोघेही ती कंपनी सोडून गेलो होतो, पण जुन्या ओळखीने भेटलो. बोलता बोलता तो म्हणाला, 'आपण दोघे तर पहिल्यापासून विरोधातच होतो.' मी त्याला अडवले नाही. तो खोटे बोलत होता असे मला आजही वाटत नाही. कुक यांच्या भाषणाचे कात्रण त्याने खरोखरच ठेवले होते. मधल्या सहाआठ महिन्यांचा पदर तेवढा त्याच्या आठवणीतून गळून गेला होता.

---

एडिसनकर

अमेरिकेची बाजू थोडी वेगळी आहे, कारण तिथे सप्टेंबर २००१ ची जखम ओली होती. आम्ही न्यू जर्सीत राहत होतो. त्या हल्ल्यानंतर चारच दिवसांनी अ‍ॅरिझोनातील मेसा येथे पगडीमुळे अरब समजून एका शीख पेट्रोलपंप मालकाची हत्या झाली आणि आमच्या भागातील प्रत्येक देशी दुकानाच्या काचेवर अमेरिकेचा झेंडा लागला. काही झेंडे मनापासून लागले होते, काही भीतीपोटी. बाहेरून दोन्ही सारखेच दिसत. २००३ साली गाड्यांच्या मागे 'आमच्या सैनिकांना पाठिंबा द्या' असे लिहिलेल्या पिवळ्या फितीचे चुंबक दिसू लागले, तेव्हा आमच्याही गाडीला सौभाग्यवतींनी एक लावला. संध्याकाळी जेवणाच्या वेळी सर्वेक्षणवाल्याचा फोन आला असता, तर आमच्या या उच्चारात आम्ही काय उत्तर दिले असते, हे सांगायला नको. त्यामुळे युद्ध सुरू झाले तेव्हाच्या गॅलप या सर्वेक्षण संस्थेच्या ७२ टक्के पाठिंब्याकडे मी थोडे मीठ-मोहरी उतरवूनच बघतो.

मात्र सगळा पाठिंबा भीतीपोटी होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. पुष्कळांचा विश्वास होता. तो कशावर होता, हे 'वॉशिंग्टन पोस्ट'च्या ऑगस्ट २००३ च्या पाहणीत दिसते. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांत सद्दाम यांचा स्वतःचा हात असण्याची शक्यता आहे, असे ६९ टक्के अमेरिकनांना वाटत होते. त्याचा पुरावा कधीच मिळाला नाही आणि पुढच्याच महिन्यात अध्यक्ष बुश यांनीही तसा पुरावा नसल्याचे जाहीरपणे सांगितले. पायाच असा असेल, तर इमारत किती दिवस टिकणार? गॅलपच्या पाहणीत युद्ध ही चूक आहे असे म्हणणारे मार्च २००३ मध्ये २३ टक्के होते, ते जून २००४ मध्ये ५४ टक्के झाले.

व्हिएतनामशी तुलना केली, तर हा वेग जास्त जाणवतो. तेथे चूक म्हणणारे ऑगस्ट १९६५ मध्ये २४ टक्के होते आणि त्यांना निम्म्याची रेषा ओलांडायला तीन वर्षे लागली. तोवर २५ हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक मारले गेले होते. इराकमध्ये ही रेषा ओलांडली गेली तेव्हा मृत अमेरिकी सैनिकांची संख्या अजून हजारही झाली नव्हती. शिवाय व्हिएतनामच्या वेळी सक्तीची लष्करभरती होती, इराकच्या वेळी नव्हती. युद्धाची झळ कमी घरांना पोहोचत असूनही मत लवकर फिरले, याचे कारण मला तरी इराकमध्ये ती संहारक अस्त्रे न सापडणे हेच दिसते. जाणकारांनी अधिक सांगावे.

आठवणींविषयी एक मोठे उदाहरण देतो. २०१६ च्या निवडणुकीत डोनाल्ड ट्रम्प आपण पहिल्यापासून या युद्धाच्या विरोधात होतो असे ठासून सांगत होते. सप्टेंबर २००२ मधील त्यांच्या एका रेडिओ मुलाखतीत, इराकवर स्वारी करावी का, या प्रश्नाला त्यांनी काहीसा आढेवेढे घेत होकारच दिल्याचे ध्वनिमुद्रण उपलब्ध होते. उलट हिलरी क्लिंटन यांनी ऑक्टोबर २००२ मध्ये सिनेटमध्ये युद्धाच्या अधिकारपत्राच्या बाजूने दिलेले मत नोंदलेलेच होते, ते विसरण्याची सोय त्यांना नव्हती. सामान्य माणसाच्या मताची अशी नोंद कुठेच नसते.

---

रोखठोक_सोलापूर

वरचे सर्व प्रतिसाद वाचनीय आहेत, पण दुसऱ्या प्रश्नाला सर्वांनीच बगल दिली आहे, म्हणून मी स्पष्ट लिहितो. लोकमताचा काहीएक उपयोग झाला नाही. स्पेनमध्ये युद्धाला विरोध करणारे नव्वद टक्क्यांच्या आसपास होते. तेथे प्रश्न कसा विचारला याने काही फरक पडण्यासारखी स्थितीच नव्हती. तरीही पंतप्रधान अझनार यांनी बुश-ब्लेअर यांना साथ दिली आणि पुढे सैन्यही पाठवले. ब्रिटनमध्ये मोर्चाला एवढे लोक आले, त्याच ब्लेअर यांना मे २००५ मध्ये जनतेने तिसऱ्यांदा निवडून दिले. म्हणजे मोर्च्यात गेलेल्यांनी शनिवार सत्कारणी लावला, एवढेच.

---

टेम्सकाठचा_एक

रोखठोक, तुमचा स्पेनचा दाखला अर्धाच आहे. ११ मार्च २००४ रोजी माद्रिदच्या लोकल गाड्यांत स्फोट झाले, सरकारने घाईघाईने बास्क संघटना एटावर बोट ठेवले आणि ते खरे नाही हे दिसू लागताच तीनच दिवसांनी झालेल्या मतदानात अझनार यांचा पक्ष पडला. नवे पंतप्रधान सापातेरो यांनी लगेच इराकमधून सैन्य परत बोलावले. २००५ साली ब्लेअर निवडून आले हे खरे, पण सुमारे ३५ टक्के मतांवर आणि पूर्वीच्या मानाने खूपच घटलेल्या बहुमताने. लंडनच्या बेथनल ग्रीनसारख्या बालेकिल्ल्यात मजूर पक्षाची जागा केवळ या युद्धापायी गेली. मीही त्या निवडणुकीत मत दिले. कोणाला, ते सांगत नाही.

---

प्रेस_गॅलरी

या धाग्यात तुर्कस्तान आणि भारत राहून गेले आहेत, आणि रोखठोक यांच्या मुद्द्याला खरे उत्तर तिथे सापडते असे मला वाटते.

तुर्कस्तानच्या भूमीवरून सुमारे ६२ हजार अमेरिकी सैनिकांनी उत्तर इराकमध्ये उतरावे, असा बेत होता. तुर्की जनता प्रचंड बहुमताने विरोधात होती. १ मार्च २००३ रोजी अंकारामध्ये तुर्की संसदेत त्यासाठीचा ठराव मतदानाला आला. बाजूने २६४, विरोधात २५०, तटस्थ १९. पहिल्या क्षणी ठराव संमत झाला असेच अनेकांना वाटले, परंतु उपस्थितांच्या निम्म्याहून अधिक मते हवीत असा नियम असल्याने २६७ मते लागत होती. तीन मते कमी पडली आणि उत्तरेकडून चढाई करण्याचा बेत बारगळला. सत्ताधारी पक्षाकडे भरभक्कम बहुमत असताना हे घडले.

भारताचे सांगतो, कारण त्या काळात मी दिल्लीत वार्तांकन करत होतो. ८ एप्रिल २००३ रोजी लोकसभेने इराकविषयी एकमताने ठराव केला. अध्यक्षस्थानी मनोहर जोशी होते. त्या ठरावातील एका शब्दावर बरेच दिवस घोडे अडले होते. विरोधकांना 'कंडेम' हवे होते, सरकारला अमेरिकेला इतके दुखवायचे नव्हते. तोडगा असा निघाला, की हिंदी ठरावात 'निंदा' आणि इंग्रजी ठरावात 'डिप्लोर'. ज्याला जे वाचायचे त्याने ते वाचावे. मला बातमी मराठीत द्यायची होती आणि मराठीत 'निंदा' म्हटले की पाठीमागे केलेली कुचाळकी डोळ्यांसमोर येते. 'निषेध' लिहावे तर तो सरकारला मान्य नसलेला 'कंडेम' झाला. शेवटी मी 'तीव्र नापसंती' लिहिले आणि मुंबईच्या डेस्कने ते बदलून 'निषेध'च छापले.

खरी कसोटी पुढे लागली. इराकमध्ये सुमारे १७ हजार भारतीय सैनिक पाठवावेत, अशी अमेरिकेची मागणी होती आणि सरकारात त्याला अनुकूल असणारी वजनदार मंडळी होती. त्या दिवसांतला एक किस्सा दिल्लीत अजून सांगितला जातो. डाव्या पक्षांचे नेते सुरजित आणि बर्धन पंतप्रधान वाजपेयी यांना भेटायला गेले. वाजपेयींनी त्यांना सहज विचारले, की तुम्ही या युद्धाविरुद्ध आंदोलन करत आहात ना? ते हो म्हणताच वाजपेयी म्हणाले, की मग आवाज ऐकू का येत नाही? ए. बी. बर्धन म्हणजे नागपूरचे, १९५७ साली तेथूनच विधानसभेवर निवडून गेलेले. त्यांना हा इशारा समजायला वेळ लागला नाही, असे म्हणतात. १४ जुलै २००३ रोजी सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाशिवाय सैन्य पाठवणार नसल्याचे जाहीर केले.

किस्सा शब्दशः घेऊ नये, पण त्यातली गोम खरी आहे. रस्त्यावरचा विरोध सरकारला अडवण्यासाठीच असतो असे नाही. पाहुण्याला नाही म्हणायचे असेल, तर 'घरच्यांना विचारावे लागेल' असे सांगण्याची सोय हवी असते. ती सोय वाजपेयींना हवी होती. ब्लेअर यांना नको होती, कारण ते स्वतःच पाहुण्याच्या गाडीत जाऊन बसले होते.

---

कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. प्रेस_गॅलरी यांचा 'निंदा-डिप्लोर'चा भाग रविवारी त्यांच्या टोपणनावासह वाचून दाखवेन, हरकत नसावी. रोखठोक यांचा आक्षेपही मांडेन, कारण आमच्याकडेही तसे म्हणणारे दोघे-तिघे नक्की निघतील.

टेम्सकाठच्या सहकाऱ्याची हकिगत वाचून काल माळ्यावरची जुन्या रोजनिशींची पेटी उतरवली. या युद्धाने मी तेव्हा फार अस्वस्थ झालो होतो, असे मी गेली वीस वर्षे लोकांना सांगत आलो आहे, वर्गातल्या मुलांनाही सांगितले आहे. २० मार्च २००३ चे पान उघडले. बगदादवर त्या दिवशी पहिले बॉम्ब पडले. माझ्या पानावर केनियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यातील गांगुलीच्या नाबाद १११ धावांचे सविस्तर वर्णन आहे आणि खाली 'गॅस संपला, नंबर लावला' अशी नोंद. २३ तारखेच्या पानावर जोहान्सबर्गचा अंतिम सामना हरल्याबद्दल दीड पान भरले आहे. इराक हा शब्द पहिल्यांदा येतो तो १० एप्रिलला, तोही पेट्रोल आता स्वस्त होईल का या संदर्भात.

रविवारी ही वही सोबत नेत आहे.